वाचक विचारतात : एमिनेमचा ‘रिव्हायव्हल’ नेमका कुठे फसला?

गेल्या अंकातल्या रॅपवरच्या लेखात आम्ही अमेरिकन रॅपर एमिनेमच्या ‘रिव्हायव्हल’ला एका वाक्यात ‘फसलेला अल्बम’ म्हणून निकालात काढलं. १५ डिसेंबर २०१७ ला आलेला, १९ ट्रॅकचा, ७७ मिनिटांचा हा अल्बम. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देतो आहोत. काही पत्रं रागाची होती, काही बारकाईची. दुसऱ्या प्रकारचीच निवडली आहेत.

‘शब्द तर पहिल्यासारखेच धावतात. मग तो कमी कुठे पडला? जागा दाखवा, नुसता शेरा नको.’ (एक वाचक, नाशिक)

शब्द धावतात, हे खरंच. जोडयमकं लावण्यात हा माणूस २०१७ मध्येही कुणाला हार जात नव्हता. जोडयमक म्हणजे ओळीच्या टोकाला एकच अक्षर न जुळवता सलग चार-सहा स्वर जुळवायचे. मराठीत करून पाहायचं तर ‘पावसात भिजले’ आणि ‘दिवसात विझले’. पहिला स्वर सोडला तर बाकीचे सगळे एकावर एक बसतात. ‘ऑफेंडेड’ या गाण्यात असे घोसच्या घोस आहेत. तेव्हा दोष जिभेचा नाही, जिभेखाली जे वाजतंय त्याचा आहे.

‘रिमाइंड मी’ लावा. जोन जेटच्या ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ची गिटार कानावर येते. १९८१ पासून ती चाल ज्याच्या कानावरून गेली नाही असा माणूस विरळा. इथेच घोटाळा होतो. इतक्या ओळखीच्या तुकड्यासोबत त्याचं ध्रुवपदही ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप सुरू होतं. कान त्याची वाट बघत बसतो आणि मधला रॅप म्हणजे मुख्य पाहुणा येईपर्यंतची वटवट वाटायला लागते. सॅम्पलिंगची रूढ रीत बरोबर उलटी आहे. कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या रेकॉर्डमधले दोन-चार सेकंद उचलायचे, वेग बदलायचा, कापून उलटसुलट लावायचे, म्हणजे मूळ गाणं विरघळतं आणि नवं तयार होतं. इथे मूळ गाणं जसंच्या तसं उभं आहे आणि त्याच्यासमोर एकजण बोलतोय. ‘इन युवर हेड’मध्ये क्रॅनबेरीजच्या ‘झॉम्बी’चं हेच झालंय.

‘रिमाइंड मी’ आणि ‘हीट’ या दोन्हींवर रिक रूबिनचा हात आहे. हा साधा माणूस नव्हे. डेफ जॅम ही कंपनी उभी करणाऱ्या दोघांपैकी एक, १९८६ मध्ये बीस्टी बॉइजचा ‘लायसन्स्ड टू इल’ त्यानेच केला, रॉकची गिटार आणि रॅपचा ड्रम यांची सोयरीक जमवणाऱ्यांत तो पुढे होता. एमिनेमबरोबर २०१३ मध्ये ‘बर्झर्क’ केलं तेव्हा ही जुनी तऱ्हा मजेची वाटली होती. तेव्हा ती गंमत म्हणून होती. चार वर्षांनी तीच तऱ्हा अल्बमचा कणा झाली. त्यात वर्ष २०१७. अमेरिकेत ऐकण्या-विकण्याच्या हिशेबात रॅप आणि आर-अँड-बी यांनी रॉकला पहिल्यांदा मागे टाकलं, ते हेच वर्ष. रॅप घरचा मालक झाला त्याच साली रॅपमधला सर्वांत जास्त खपणारा माणूस रॉकच्या ओसरीवर जाऊन बसला.

दुसरी जागा ध्रुवपदांची. १९ पैकी दोन ट्रॅक नुसते जोडतुकडे आहेत, गाणी १७. त्यांतल्या आठांवर पाहुणे, आणि त्या आठांतला एकच रॅपर (‘क्लोरासेप्टिक’वर फ्रेशर). बाकी सात गायक : बियॉन्से, एड शीरन, अलिशिया कीज, एक्स अँबॅसडर्स, स्कायलर ग्रे, केलानी, पिंक. साचा ठरलेला. पियानो किंवा गिटार, उदास आवाजात चार ओळी, मग चिडलेला रॅप, पुन्हा उदास ओळी. २०१० मध्ये रिहानाबरोबरच्या ‘लव्ह द वे यू लाय’ने हा साचा जगभर चालवला, इथे त्याच्या सात-सात छापील प्रती काढल्या. नवव्या ट्रॅकपासून अकराव्यापर्यंत तर ओळीने तीन आहेत. ‘नीड मी’मध्ये पिंक इतका वेळ गाते की एमिनेम आत येईपर्यंत आपण दुसऱ्याच कुणाचा अल्बम लावला की काय, अशी शंका यावी.

तिसरी जागा बारीक आहे, पण जाणत्यांनी तिच्यावरच जास्त बोट ठेवलं. ‘बिलीव्ह’ ऐका. ओळ सरळ न म्हणता तो मध्येच तोडतो, थोडं थांबतो, दोन शब्द टाकतो, पुन्हा थांबतो. त्या वेळी चलतीत असलेल्या ‘ट्रॅप’ या शैलीतल्या रॅपरांची ही लकब. पण त्यांच्याकडे वाक्यं लहान आणि मोकळी असतात, म्हणून ती खाच शोभते. एमिनेमची वाक्यं लांब, पोटवाक्यांनी भरलेली. ती मध्येच तोडली की अर्थ अर्ध्यात लटकतो आणि पुढचा तुकडा येईपर्यंत आधीचा निसटतो. तबलजीने ठेका न बदलता गायकाने भलत्याच ठिकाणी श्वास घ्यावा, तसं काहीसं.

‘पहिल्याच आठवड्यात तो बिलबोर्डच्या यादीत पहिला होता. लोकांनी डोक्यावर घेतलेल्या अल्बमला तुम्ही फसलेला कसं म्हणता?’ (एक वाचक, सोलापूर)

पहिला आला ते नाव बघून, ऐकून नव्हे. पहिल्या आठवड्याची विक्री बहुतेक वेळा मागच्या अल्बमांची पुण्याई असते. त्याचा हा सलग आठवा पहिला क्रमांक होता.

आकडा होता २,६७,००० ‘अल्बम युनिट’. हा आकडा म्हणजे सीडींचा ढीग नव्हे, ती तीन गोष्टींची बेरीज आहे. अख्खा अल्बम विकला गेला की एक युनिट. त्यातली सुटी गाणी दहा विकली गेली की एक युनिट. आणि तेव्हाच्या नियमाने १,५०० वेळा गाणी स्ट्रीम झाली की एक युनिट. (जुलै २०१८ पासून पैसे भरून ऐकणाऱ्यांची १,२५० आणि जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांची ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक युनिट, असा भेद सुरू झाला.) २,६७,०००पैकी १,९७,००० अख्खे विकत घेतलेले अल्बम होते. म्हणजे चारांतल्या जवळपास तिघांनी आधी पैसे मोजले आणि मग ऐकलं. जुना, वयाने वाढलेला, सीडी घेणारा चाहतावर्ग असला की असंच दिसतं.

अल्बम इतके लांब का होत गेले, तेही याच नियमात दडलंय. दहा गाण्यांचा अल्बम अथपासून इतिपर्यंत १५० वेळा ऐकला तेव्हा एक युनिट. १९ ट्रॅकचा ७९ वेळा ऐकला की काम झालं. म्हणून गाणं गाळण्यात कुणालाच फायदा उरला नाही. ‘रिव्हायव्हल’ खरं तर विक्रीवरच तरला होता, तरीही लांबीची ही साथ त्याला लागली ती लागलीच.

लोकांच्या बाजूने एक कबूल करायला हवं. एड शीरनबरोबरचं ‘रिव्हर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. समीक्षकांकडून मात्र, समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर, सरासरी १०० पैकी ५० गुण. तिथल्या मानाने ती पडझडच.

‘ट्रम्पविरुद्ध बोलल्यामुळे त्याला मुद्दाम पाडलं, असं माझा अमेरिकेतला भाचा म्हणतो. खरं का?’ (एक वाचक, सांगली)

भाच्याच्या म्हणण्यात धागा आहे, दोर नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीईटी या अमेरिकन वाहिनीच्या हिप-हॉप पुरस्कारांत एमिनेमने एका पार्किंगच्या इमारतीत उभं राहून, कसलाही बीट (रॅपखाली वाजणारं संगीत) न लावता, साडेचार मिनिटं ट्रम्पवर रॅप केला. ट्रम्पचे पाठीराखे असलेल्या आपल्या चाहत्यांना त्याने तिथेच सांगून टाकलं, की एक काय ती बाजू निवडा. काहीजण खरोखर तुटले असतील. पण अल्बमला सर्वांत कडक शेरे ज्यांनी मारले त्या समीक्षकांपैकी बहुतेकांना ते राजकारण पटणारंच होतं. त्यांना खटकली ती कारागिरी.

‘अनटचेबल’ घ्या. कल्पना धीट आहे. पूर्वार्ध एका वंशद्वेष्ट्या गोऱ्या पोलिसाच्या तोंडून, उत्तरार्ध काळ्या अमेरिकनाच्या बाजूने. मध्ये बीटही बदलतो. पण पूर्वार्धातलं ध्रुवपद इतकं किरकिरं आणि ते इतक्या वेळा येतं, की उत्तरार्धातला नेटका, अभ्यासाने लिहिलेला भाग येईपर्यंत निम्मे ऐकणारे पुढच्या गाण्यावर गेलेले असतात. सहा मिनिटांच्या वरचं गाणं. साडेचार मिनिटांच्या त्या बिनबीटाच्या रॅपची धार यात उतरली नाही, याचं कारण राजकारणात शोधू नये.

‘एखादा रॅप अल्बम खरंच वाईट आहे की आपल्यालाच कळला नाही, हे कसं ओळखायचं? काही पद्धत आहे का?’ (एक वाचक, पुणे)

आहे, आणि तिला महागडं यंत्र लागत नाही.

पहिल्यांदा ऐकताना शफल बंद, फोन उलटा, आणि मध्ये थांबायचं नाही. या फेरीत मत बनवायचं नाही. फक्त कुठे लक्ष उडालं ती गाणी कागदावर टिपायची. दुसरी फेरी शब्द समोर ठेवून. इंग्रजी रॅपमध्ये निम्मा अर्थ बोलीच्या शब्दांत आणि नावांच्या संदर्भांत असतो. तो न कळता ‘नुसती शिवीगाळ’ म्हणणं अन्यायाचं. तिसरी फेरी किमान दोन दिवस सोडून, आणि फक्त टिपलेल्या गाण्यांची. तेव्हाही त्याच जागी लक्ष उडालं तर दोष तुमचा नाही.

आवाजाची एक परीक्षा आहे, ती आम्हाला सर्वांत खात्रीची वाटते. आवाज इतका कमी करा की शेजारच्या खोलीत कुणी बोललं तर ते गाण्यापेक्षा मोठं वाटेल. एवढ्या आवाजात चांगल्या रॅपगाण्यात दोनच गोष्टी उरतात, माणसाचा आवाज आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअर (कडक वाजणारा ड्रम). तेवढ्यावर मान हलली पाहिजे. ‘रिमाइंड मी’त एवढ्या आवाजात उरते ती गिटार.

आणि मात्रा मोजा. रॅपमध्ये एक बार म्हणजे चार मात्रा. वेग मिनिटाला ९० मात्रांचा असेल तर एक बार २.६७ सेकंदांचा, सोळा बारचं कडवं सुमारे ४३ सेकंदांचं, आठ बारचं ध्रुवपद २१ सेकंदांचं. तीन कडवी आणि तीन ध्रुवपदं मिळून ७२ बार, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. या वेगाचं साधं गाणं पाच मिनिटांवर गेलं तर वरचे चाळीसेक बार कशात गेले ते बघा. गोष्ट पुढे सरकली असेल तर ठीक. ध्रुवपद पाचव्यांदा आलं असेल किंवा शेवटी नुसतं गुणगुणणं चालू असेल, तर ते पाणी आहे.

‘१९ पैकी ठेवण्यासारखी गाणी कोणती? प्लेलिस्ट द्या.’ (एक वाचक, बेळगाव)

आठ ठेवतो, या क्रमाने : ‘फ्रेम्ड’, ‘ऑफेंडेड’, ‘क्लोरासेप्टिक’, ‘अनटचेबल’, ‘रिव्हर’, ‘वॉक ऑन वॉटर’, ‘कॅसल’, ‘अरोज’. साधारण ३८ मिनिटं होतात. रॅपर नासचा १९९४ मधला ‘इलमॅटिक’ चाळीस मिनिटांच्या आतला आहे आणि तिथे कुणी ‘थोडकं झालं’ म्हणून तक्रार केलेली नाही.

क्रमाबद्दल थोडं. मूळ अल्बमची सुरुवात ‘वॉक ऑन वॉटर’ने होते, आणि हीच पहिली चूक. बियॉन्सेचा आवाज, पियानो, ड्रम जवळजवळ नाहीच. दोन ओळींच्या मध्ये कागदावर लिहिण्याचा, तो चुरगाळून फेकण्याचा आवाज येतो. आपण लिहिलेलं आता लोकांना आवडत नाही, या भीतीवरचं हे गाणं. सुंदर आहे, पण पहिल्याच गाण्यात ‘मला आता जमत नाही’ असं म्हटल्यावर पुढचा तासभर ऐकणारा पुरावेच गोळा करत बसतो. आमच्या यादीत ते सहावं आहे. आधी पाच गाण्यांत दम दाखवून झाल्यावर तीच कबुली वेगळी लागते. बारावं ‘फ्रेम्ड’ आम्ही उचलून वर नेलंय. जुन्या भयंकर-विनोदी तऱ्हेतलं हे एकच गाणं, ते मूळ अल्बममध्ये इतक्या खाली गाडलंय की बरेचजण तिथवर पोचलेच नसतील.

‘लाइक होम’ आणि ‘बिलीव्ह’ ठेवावीत असं काहींचं म्हणणं पडेल. ठेवा. ‘हीट’ मात्र कुणी ठेवू नये.

‘मोठ्या रॅपरांचं असं नेहमी होतं का, की एमिनेमच एकटा?’ (एक वाचक, नागपूर)

नेहमी होतं, पण कारण प्रत्येकाचं निराळं असतं.

नासचं उदाहरण बोधप्रद आहे. १९९९ मध्ये त्याला ‘आय अॅम...’ हा जोडअल्बम काढायचा होता. गाणी आधीच चोरून बाहेर फुटली, एमपीथ्रीच्या त्या पहिल्या लाटेत पसरली. मग एप्रिलमध्ये एकच भाग आला, आणि फुटलेली गाणी वापरायची नाहीत म्हणून नोव्हेंबरमधल्या ‘नास्ट्राडेमस’साठी नवी गाणी घाईने करावी लागली. ऐकताना ती घाई कळते. बीट जुळलेले नाहीत, विषय विस्कटलेले. प्रतिभा तीच, फक्त वेळ नव्हता. बाजूला ठेवलेली काही गाणी २००२ मध्ये ‘द लॉस्ट टेप्स’मध्ये आली, आणि ती ‘नास्ट्राडेमस’पेक्षा सरस निघाली.

जे-झीचा ‘किंगडम कम’ (नोव्हेंबर २००६) निवृत्ती मोडून परत येण्याचा अल्बम. पहिल्या आठवड्यात ६,८०,००० प्रती खपल्या. २०१३ मध्ये त्याने स्वतःच आपल्या सगळ्या अल्बमांची क्रमवारी लावली तेव्हा हा शेवटी टाकला. तिथे विषय संपले होते. बसायला उठायला कंपनीच्या बैठका, त्यावर रॅप किती करणार? वर्षभरात ‘अमेरिकन गँगस्टर’ केला तेव्हा जुन्या दिवसांची गोष्ट हाती आली आणि गाडी रुळावर आली.

चान्स द रॅपरचा ‘द बिग डे’ (जुलै २०१९) २२ ट्रॅक, ७७ मिनिटं, आणि मुख्यतः स्वतःच्या लग्नाचा आनंद. आनंद वाईट नव्हे. पण लग्नाचा अल्बम दाखवणारे नातेवाईक सगळ्यांच्याच घरी असतात. तिसाव्या फोटोनंतर पाहुणा चहाची वाट बघतो.

लिल वेनने २०१० च्या ‘रीबर्थ’मध्ये रॉक गाऊन पाहिलं. त्याबद्दल इतकंच पुरे.

‘मी घरी बीट बनवतो. जुन्या गाण्याची गिटार घेऊन त्यावर रॅप ठेवला की माझा आवाज दबतो. ‘रिव्हायव्हल’मध्ये तेच झालंय का? आणि जुनं मराठी गाणं सॅम्पल करायला परवानगी लागते का?’ (एक वाचक, कल्याण)

दबण्याचं कारण तेच. कर्कश केलेल्या गिटारचा जोर साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. बोलण्यातली ट, च, क, स ही व्यंजनं कानाला स्पष्ट होतात तीही जवळपास त्याच पट्ट्यात, २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास. दोघांनी एकाच दारातून एकदम आत शिरायचं म्हटल्यावर अडणारच. मग नवशिका आवाजाची पट्टी वर ढकलतो, गिटार पुरेशी ऐकू येईना म्हणून तीही ढकलतो, आणि शेवटी लिमिटर (आवाजाचं शिखर दाबणारं साधन) सगळ्यांना एका उंचीवर चिरडतो.

आधी लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, वेगात बसवा. ९० च्या वेगाला चार बारचा तुकडा १०.६७ सेकंदांत संपला पाहिजे. तो १०.४ सेकंदांचा असेल तर प्रत्येक फेरीला पाव सेकंद घसरतो आणि तिसऱ्या फेरीला स्नेअर भलतीकडेच पडतो. मग गिटारच्या ट्रॅकवर १००-१२० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. तिथे किक (जाड ठोक्याचा ड्रम) आणि ८०८ (खोल बेसचा आवाज) राहतात, गिटारचं काम नाही. २.५ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान रुंद कंसात ३ डेसिबलचा खड्डा द्या. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डायनॅमिक ईक्यू असेल तर तो खड्डा आवाजाला जोडा, म्हणजे तुम्ही बोलताना तेवढीच गिटार खाली बसेल आणि ओळ संपली की वर येईल. आवाज मधोमध, गिटार डावी-उजवीकडे पसरलेली. सगळ्याचं मिळून शिखर उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा आणि मास्टरिंगला जागा सोडा. एवढं करूनही दबला तर लूपमधले बारच कमी करा. कडव्याच्या वेळी गिटार पूर्ण बंद, नुसता ड्रम आणि बेस, ध्रुवपदाला गिटार परत. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत चांगला.

परवानगीबद्दल. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ हे जे सगळीकडे ऐकू येतं त्याला कायद्यात आधार नाही. हक्क दोन असतात, एक ध्वनिमुद्रणाचा (बहुधा कंपनीकडे) आणि दुसरा शब्द-चालीचा (कवी-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे). ‘आय लव्ह रॉक अँड रोल’चंच बघा. गाजलं ते जोन जेटचं ध्वनिमुद्रण, पण गाणं मुळात १९७५ मधलं, द अॅरोज या बँडचं. जेटची रेकॉर्ड उचलायची तर रेकॉर्डवाल्यांनाही विचारायचं आणि मूळ गाणं लिहिणाऱ्यांनाही. तीच चाल तुम्ही स्वतः गिटारवर वाजवून घेतलीत तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न मिटतो, चालीचा मिटत नाही.

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० ची रेकॉर्ड २०२० अखेर मोकळी झाली. शब्द आणि संगीताचा हक्क मात्र त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. १९६० च्या गाण्याचे कवी किंवा संगीतकार ऐंशीच्या दशकात गेले असतील तर चाल आणि शब्द अजून बराच काळ बांधलेले आहेत. त्यामुळे जुनी रेकॉर्ड मोकळी झाली असं समजून अख्खं ध्रुवपद उचलू नका. गाणं चढवल्यावर यूट्यूबची यंत्रणा ओळखीचा तुकडा आपोआप पकडते आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे वळवते, नाहीतर व्हिडिओच अडवते. आधी लेखी परवानगी, मग मिक्सिंग, हा क्रम ठेवा. उलटा ठेवला तर परवानगी नाकारल्यावर अख्खा बीट पुन्हा बांधावा लागतो.

‘मुलगा तेरा वर्षांचा आहे. ऐकू द्यावा का?’ (एक पालक, ठाणे)

शिव्या भरपूर, हिंसेची आणि गोळ्यांच्या व्यसनाची वर्णनंही आहेत. शिव्या गाळलेली ‘क्लीन’ आवृत्ती मिळते, पण त्यात शब्द झाकले जातात, विषय नाही. ‘फ्रेम्ड’ आणि ‘ऑफेंडेड’ टाळा. ‘वॉक ऑन वॉटर’ बरोबर बसून ऐकायला हरकत नाही. तेरा वर्षांच्या मुलाने तो आधीच ऐकला नसेल, याची हमी आम्ही देत नाही.

‘नंतरचा ‘कामिकाझी’ म्हणजे चूक सुधारली असं म्हणायचं का?’ (एक वाचक, मडगाव)

अर्धी. ३१ ऑगस्ट २०१८ ला, कसलीही घोषणा न करता आला. १३ ट्रॅक, त्यांत दोन बोलके तुकडे. लांबी पाऊण तासाच्या आसपास. रॉकच्या गिटारी गेल्या, बीट नव्या पिढीच्या हातचे आले (टे कीथ, माइक विल मेड-इट), पाहुण्या गायिकांची रांग संपली. पहिल्या आठवड्याला ४,३४,००० युनिट, म्हणजे ‘रिव्हायव्हल’च्या दीडपटीहून जास्त. कव्हरही गमतीचं, बीस्टी बॉइजच्या त्याच १९८६ च्या अल्बमच्या कव्हरवर बेतलेलं. रूबिनची गिटार सोडली आणि रूबिनने घडवलेल्या अल्बमचं चित्र घेतलं.

पण त्यातला मोठा वाटा ‘रिव्हायव्हल’ला नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवण्यात गेलाय. समीक्षक, तरुण रॅपर, सगळ्यांचा नावानिशी उद्धार. जिभेची धार परत आली. बोलायला नवा विषय मात्र त्याला टीकाकारांनीच पुरवला.

‘शेवटची दोन गाणी चांगली, असं सगळे म्हणतात. मी ‘अरोज’ एकटं ऐकलं, काहीच उमगलं नाही.’ (एक वाचक, कोल्हापूर)

एकटं ऐकायचं नाही. ‘कॅसल’ संपल्याबरोबर ‘अरोज’ सुरू झालं पाहिजे, मध्ये फट नको. अॅपच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड शून्यावर आणा, गॅपलेस चालू ठेवा, शफल बंद. फुकट आवृत्तीत मध्ये जाहिरात येत असेल तर मित्राचं खातं वापरा. हेडफोन लावले तर उत्तम.

‘कॅसल’ म्हणजे मुलीला लिहिलेली तीन पत्रं. पहिली दोन नव्वदच्या दशकातली, तिच्या जन्माच्या आगेमागे लिहिलेली. तिसरं २००७ मधलं. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मेथाडोनच्या अतिसेवनाने तो मरणाच्या दारात जाऊन आला होता. तिसरं पत्र लिहिता लिहिता तो गोळ्या घेतो आणि गाणं तिथेच कोसळतं. ‘अरोज’ दवाखान्यात उघडतं. यंत्राचा बीप, खाली बेट मिडलरच्या ‘द रोझ’चा तुकडा, आणि अंथरुणावरून तो एकेकाला निरोप देतोय : मुलींना, भावाला, आधीच गेलेल्या मित्राला. इथे प्रसिद्ध गाणं वापरूनही ते अंगावर येत नाही, कारण ते लांब कुठेतरी, दुसऱ्या खोलीत वाजल्यासारखं ठेवलंय. ‘रिमाइंड मी’त जे जमलं नाही ते इथे जमलंय, त्याच अल्बममध्ये.

मग मध्येच टेप मागे फिरल्याचा आवाज येतो. ‘द रोझ’ गायब होतं आणि ‘कॅसल’चाच बीट परत सुरू होतो. तेच तिसरं पत्र, तीच रात्र, पण या वेळी तो दुसऱ्या तऱ्हेने लिहितो. ‘कॅसल’चा बीट कानात ताजा नसेल तर ही जागा नुसती चाल बदलल्यासारखी वाटते; तुमचं तेच झालं असावं. शेवटच्या काही सेकंदांत आवाज वाढवा. तो गोळ्या संडासात टाकतो आणि साखळी ओढतो.